कुंपणाची कटिंग

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत केस कापायला निघालात की घरून एकच सूचना असते, "चांगले बारीक करून ये, म्हणजे महिनाभर बघायला नको!" आणि तुम्ही कितीही बारीक केले तरी केस वाढायचे ते वाढतातच. देवाला जाऊन चकोट केला तरी शाळा सुरू होईपर्यंत डोकं पुन्हा काळं दिसायला लागतं.

२०२२ सालच्या मे महिन्यात मी आमच्या घरापुढच्या कुंपणाची अशीच 'कटिंग' केली. त्याचं पुढे काय झालं ते आज सांगणार आहे. कारण केस आणि कुंपण यांच्यात एक फार मोठा फरक आहे, आणि रोज वर्गात परिसर अभ्यास शिकवणाऱ्या तुमच्या या बाईंना तो माहीत नव्हता!

आमचं कुंपण आहे कुंतीचं. महाभारतातली कुंती नव्हे हं! कुंती नावाचं झुडूप असतं. काहीजण त्याला कामिनी म्हणतात. गर्द हिरवी, चकचकीत, बारीक पानं. पाऊस पडून गेला की पांढरीशुभ्र पाच पाकळ्यांची फुलं एकदम येतात आणि संध्याकाळी सगळ्या अंगणात वास सुटतो. पुढे बोराच्या बीएवढी लालभडक फळं लागतात. तुमच्या सोसायटीत, बँकेच्या आवारात किंवा बागेत हे कुंपण असणारच. एखादं पान चुरगाळून नाकाशी धरा. लिंबाच्या पानाची आठवण येईल. कुंती ही लिंबू-संत्र्याच्याच कुळातली आहे, आणि आपल्या फोडणीतला कढीपत्ता तिचा अगदी जवळचा नातलग.

हे कुंपण माझ्या सासऱ्यांनी लावलं. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत पंधरा फूट लांबी आणि दीड-दीड फुटावर एक, अशी अकरा झाडं. त्याची सगळी निगा अण्णाच करायचे. त्या वर्षी मात्र त्यांच्या गुडघ्याचं दुखणं निघालं आणि मार्चपासून कुंपणाला कात्री लागली नाही. मेमध्ये ते महिनाभर नणंदेकडे गेले. कुंपण चहूकडे पिंजारलं होतं. मला वाटलं, अण्णा परत येतील तेव्हा कुंपण कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे!

मी मोठी कात्री घेतली आणि सुरू केलं. वरून कापलं, बाजूने कापलं. कापता कापता हिरवं संपलं आणि आतली तपकिरी लाकडं दिसायला लागली. "असू दे, वाढेल परत," असं म्हणत मी आणखी कापलं. दोन दिवसांत कुंपण माझ्या खांद्याएवढं होतं ते गुडघ्याएवढं झालं. पान म्हणून औषधाला शिल्लक नव्हतं. लेक म्हणाली, "आई, हे तर काड्यापेटीतल्या काड्यांसारखं दिसतंय." मी हसले.

पुढचे तीन आठवडे एकही पालवी फुटली नाही. पश्चिमेच्या टोकाला दुपारचं ऊन थेट लागतं. तिथल्या तीन झाडांची साल सुकून चिरा पडल्या. नखाने खरवडून पाहिलं, तर आत हिरवं नव्हतं. अण्णा आले, फाटकाशी थांबले आणि काही न बोलता बादली भरायला गेले. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी माझ्या लेकीला विचारलं, "आजी केसांना मेंदी लावते ना? मग महिन्याभराने पांढरे केस कुठे दिसतात? टोकाला की मुळाशी?"

"मुळाशी!"

"म्हणजे केस वाढतो तो मुळाशी. टोकाशी कितीही कापा, त्याला पत्ता नसतो. झाडाचं उलटं आहे. ते शेंड्याला वाढतं."

मुलांनो, हे तुम्हीही तपासून पाहू शकता. झाडाच्या खोडावर चार फुटांवर खिळा मारलेला असेल, तर दहा वर्षांनीही तो चार फुटांवरच राहतो. खोड जाड होतं, पण खालचा भाग वर सरकत नाही. उंची वाढते ती फक्त वर, शेंड्याशी. म्हणून आपण फांदी कापतो तेव्हा तिचं वाढतं टोकच काढून टाकतो. मग नवी वाढ कुठून होणार? तर डोळ्यांतून!

उसाच्या कांडीवरचा डोळा तुम्ही पाहिला असेल. तसाच प्रत्येक पानाच्या बगलेत, म्हणजे पान जिथे फांदीला चिकटतं तिथे, एक इवलासा डोळा असतो. त्या प्रत्येक डोळ्यातून नवी फांदी निघू शकते. मग निघत का नाही? कारण वर शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. वर्गात मॉनिटर असतो ना, अगदी तसा! शेंड्यात ऑक्झिन नावाचं एक द्रव्य तयार होतं आणि फांदीतून खाली उतरत राहतं. १९३३ च्या सुमारास केनेथ थिमन आणि फोक स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी एक छान प्रयोग केला. शेंगा येणाऱ्या एका रोपाचा त्यांनी शेंडा कापला. खालचे डोळे फुटू लागले. मग दुसऱ्या रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलेला तुकडा ठेवला. तर काय? डोळे झोपलेलेच राहिले! त्यांना वाटलं, शेंडा अजून जागेवर आहे.

गंमत म्हणजे गोष्ट तिथे संपली नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना वाटाण्याच्या रोपांत दिसलं की शेंडा कापल्याबरोबर पानांत तयार झालेली साखर डोळ्यांकडे धावते, आणि डोळ्यांना जाग येते ती आधी या साखरेमुळे. शेंडा सगळी साखर स्वतःकडे ओढत असतो. तो गेला की इतरांच्या ताटात पडते.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. साखर येते पानांतून. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. मी एकाच वेळी सगळीच पानं कापून टाकली. डोळ्यांना जाग येणार, पण खायला कुठून मिळणार? मुळांत आणि खोडात साठवलेलं थोडंफार असतं, त्यावर झाडाला निभवावं लागतं. त्यात मे महिना, जमीन कोरडी. भरीला भर म्हणजे वर्षानुवर्षं पानांच्या सावलीत राहिलेली नाजूक साल एकदम कडक उन्हात उघडी पडली. सावलीत बसणाऱ्या माणसाला दुपारी बाराला डांबरी रस्त्यावर अनवाणी उभं केलं तर काय होईल?

तरी कुंती चिवट. तिच्या जुन्या लाकडातही झोपलेले डोळे असतात. पाऊस सुरू झाला आणि जुलैत आठ झाडांना अंगठ्याएवढे पोपटी कोंब आले. पश्चिमेची तीन झाडं मात्र गेली ती गेलीच. (मोरपंखीचं झाड असतं तर एकही उरलं नसतं. मोरपंखीच्या पान नसलेल्या जुन्या लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. ज्यांच्या दारात मोरपंखी आहे, त्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.)

पुढच्या वर्षी अण्णांनी मला शेजारी उभं करून कुंपण कापायला शिकवलं. ते खुर्चीवर आणि मी कात्री घेऊन! त्यांनी सांगितलेलं आता तुम्हाला सांगते. एक मात्र आधीच बजावते : मोठी कात्री मोठ्या माणसांनीच चालवायची. तुमची कामंही कमी महत्त्वाची नाहीत, ती पुढे येतीलच.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडे कुंतीची मोठी छाटणी पावसाळा नीट सुरू झाल्यावर करावी. जमिनीत ओल असते, हवा दमट असते, कोंब लवकर येतात. पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, एक हलका हात फिरवायचा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते आणि एप्रिल-मे महिन्यांचं तर तुम्ही पाहिलंतच.

हे मी वर्गात सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "पण बाई, आमच्या मामांच्या द्राक्षबागेत तर एप्रिलमध्येच छाटणी करतात." प्रश्न अगदी बरोबर आहे! नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. पण तिथे वेलीला ठिबकने मोजून पाणी आणि वेळेवर खत मिळतं, आणि शेतकरी रोज बागेत असतो. आमच्या कुंपणाला त्या मे महिन्यात मी किती पाणी घातलं, ते विचारू नका.

दुसरी गोष्ट, किती कापायचं? एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. कुंपण फार माजलं असेल तर या वर्षी एक बाजू खोल कापा आणि दुसरी पुढच्या वर्षी. म्हणजे एका बाजूचं स्वयंपाकघर चालू राहतं.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि इथे बहुतेक सगळे चुकतात. बादली डोळ्यांसमोर आणा. सुलटी बादली वर रुंद आणि खाली अरुंद असते. कुंपण असं कापलं तर वरच्या पानांची सावली खालच्या पानांवर पडते. खालची पानं गळतात आणि काही वर्षांत कुंपणाच्या पायाशी नुसती खोडं दिसतात. त्यातून कुत्री आरामात ये-जा करतात! म्हणून कुंपण पालथ्या बादलीसारखं कापायचं. खाली रुंद आणि वर जरासं अरुंद, म्हणजे पायथ्यालाही ऊन मिळतं. नजरेवर भरवसा ठेवू नका. दोन टोकांना काठ्या रोवून दोरी ताणून बांधा आणि दोरीच्या वरचं कापा. दोरी धरणं, ती सरळ आहे की नाही हे लांबून पाहणं, हे काम तुमचं.

शिवाय नुसतं बाहेरून कापत राहिलं की बाहेर पानांचा दाट पापुद्रा तयार होतो आणि आत अंधार. म्हणून वर्षातून एकदा लहान कात्रीने आतल्या काही फांद्या काढून खिडक्या पाडायच्या. मुठीएवढी खिडकी पुरे. फांदी कापायची ती डोळ्याच्या पाव इंच वर. डोळा ज्या दिशेला तोंड करून आहे, त्या दिशेला नवी फांदी जाते. मोकळ्या जागेकडे पाहणारा डोळा निवडला की फांदी तिकडे जाणार. मला तर हा शोध लागल्यापासून कुंपणाशी बोलता येतंय असं वाटतं!

कात्रीला धार हवी. बोथट कात्री फांदी चिरडते, आणि चिरडलेली जागा लवकर सुकत नाही. काम झालं की पाती साबणाच्या पाण्याने धुऊन पुसावीत. कापल्यावर बुंध्याशी शेणखत घालावं, वर पालापाचोळा पसरावा आणि पावसाने उघडीप दिली तर पाणी द्यावं. कापलेला पाला जाळू नका, खड्ड्यात टाका. वर्षाने खत होईल.

ज्यांच्या घरी कुंपण नाही त्यांनी तुळशीवर प्रयोग करावा. सारख्या उंचीची दोन रोपं घ्या. एकाचा शेंडा नखाने खुडा, दुसरं तसंच सोडा. महिन्याने दोन्हींच्या फांद्या मोजा. आजी तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर का खुडते आणि शेतकरी हरभऱ्याचे कोवळे शेंडे का खुडतो, ते तुमचं तुम्हालाच कळेल. हरभऱ्याचं रोप फांद्या काढून पसरतं आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते ती वेगळीच!

परदेशात हेच काम बॉक्सवुड नावाचं झुडूप करतं. कुंतीला इंग्रजीत 'चायनीज बॉक्स' असंही म्हणतात, ते याच्याशी असलेल्या सारखेपणामुळे. नातं मात्र काही नाही. बॉक्सवुड थंड हवेतलं, फार सावकाश वाढणारं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी धाकट्या प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थाने आपल्या बागेचं वर्णन एका पत्रात केलं आहे. त्याच्याकडे बॉक्सवुड कापून प्राण्यांचे आकार केले होते, इतकंच नव्हे तर अक्षरं केली होती. कुठे मालकाचं नाव, कुठे माळ्याचं! माळ्याचं नाव लिहिलं होतं, हे मला फार आवडलं. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यापुढच्या बागेतल्या नक्षीच्या कडाही बॉक्सवुडच्याच. हल्ली मात्र युरोपात या झुडपावर संकट आलंय. पूर्व आशियातून आलेला एक पतंग २००७ साली जर्मनीत दिसला आणि बघता बघता अनेक देशांत पसरला. त्याच्या अळ्या अख्खी कुंपणं खाऊन टाकतात. आपल्याकडे शहरात बाल्कनीला बॉक्सवुड म्हणून जे लावतात, ते बहुधा प्लॅस्टिकचं असतं. त्याला कटिंग लागत नाही, हे खरं!

कुंतीवरही अळ्या येतात. पण पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी लहान अळी दिसली तर लगेच चिरडू नका. ती बहुधा कॉमन मॉर्मन या काळ्या, मोठ्या फुलपाखराची असते. मोठी झाली की हिरवी होते. ती आपली चार पानं खाते आणि जाते. नव्या पालवीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण आले तर पाण्याचा फवारा मारावा. आपली विदर्भातली जी वाचक मंडळी संत्र्याच्या बागेजवळ राहतात, त्यांनी मात्र कुंतीचं कुंपण न लावलेलंच बरं. संत्र्याच्या झाडांना ग्रीनिंग हा रोग पसरवणारा सिट्रस सायला नावाचा बारीक किडा कुंतीच्या कोवळ्या पालवीवर आनंदाने वाढतो.

आता तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम. २०२३ साली पाऊस लांबला. जूनच्या अखेरीस आला. अण्णा म्हणाले, "आठ दिवस ओल मुरू दे." जुलैत एका रविवारी मी दोरी बांधली, कात्री उचलली आणि फाटकाच्या बाजूने कापायला सुरुवात केली. चौथ्या झाडापर्यंत आले तोच लेक ओरडली, "आई, थांब!" ती पलीकडच्या बाजूने वाकून आत पाहत होती. दोन फांद्यांच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात तीन अंडी, गुलाबीसर रंगावर तांबूस ठिपके असलेली. समोर तारेवर लालबुड्या बुलबुलांची जोडी जोरजोरात ओरडत होती. माझ्या कात्रीचं पातं त्या वाटीपासून हातभर अंतरावर होतं.

मी कात्री खाली ठेवली. अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "तो कोपरा राहू दे. माणसांना विचारून ते घर बांधत नाहीत." घरट्याच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन झाडं आम्ही तशीच सोडली. येणारा-जाणारा विचारायचा, "काय बाई, कात्री मोडली का?" लेक रोज लांबूनच पाहायची. घरट्याजवळ सारखं जायचं नाही, नाहीतर मांजराला आणि कावळ्याला वाट सापडते, हे तिला अण्णांनी बजावलं होतं. पुढे तीनपैकी दोन पिल्लं आम्हाला दिसली. तिसऱ्याचं काय झालं ते कळलं नाही. ऑगस्टमध्ये घरटं रिकामं झालं. तेव्हापासून कात्री लावायच्या आधी दोन्ही बाजूंनी वाकून घरटी शोधायचं काम लेकीकडे आहे.

तो ऑगस्ट कोरडाच गेला. सप्टेंबरात पाऊस परतला आणि एका संध्याकाळी अंगणात वास सुटला. बाहेर येऊन पाहते तर घरट्यापाशी न कापलेली ती चारही झाडं पांढरीशुभ्र झाली होती. कापलेल्या भागावर फुलं अगदी तुरळक. कुंतीची फुलं फांदीच्या टोकांना येतात आणि मी टोकंच तर कापली होती! आता आम्ही रस्त्याकडची बाजू दोरी लावून कापतो, आणि अंगणाकडची बाजू फक्त मोकळी करतो, टोकं ठेवतो.

पश्चिमेच्या टोकाच्या तीन रिकाम्या जागा वर्षभर तशाच होत्या. त्या फुलांची फळं पिकून लाल झाल्यावर लेकीने गर काढून बिया धुतल्या आणि लगेच दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या. नऊ पेरल्या, पाच उगवल्या. २०२४ च्या पावसात त्यांतली चांगली तीन रोपं त्या जागी लावली. फूटभर झाल्यावर त्यांचे शेंडे खुडायचे होते. ते मी केलं नाही. अण्णांनी तिलाच बोलावलं, कुठे खुडायचं ते बोटाने दाखवलं, आणि तिने नखाने तिन्ही शेंडे खुडले. पंधरा दिवसांनी प्रत्येक शेंड्याखालून दोन-दोन कोंब निघाले होते. एका रोपाला तीन.